शिमिटाखालची भिंत

आमच्या गावात देवळं दोन. एक आमचं, गावदेवीचं, तलावाच्या अंगाला. दुसरं किरिस्तांवांचं, खाडीच्या अंगाला. आता ठाण्याचे टॉवर चहूबाजूंनी अंगावर आलेत, त्यातले नवे रहिवासी त्याला चर्च म्हणतात. गावातले आम्ही, ह्या बाजूचे आणि त्या बाजूचे, देऊळच म्हणतो. पोर्तुगिजांच्या वेळचं आहे. नक्की किती वर्षांचं ते फादरना विचारा, त्यांच्याकडे जुने कागद आहेत. माझ्याकडे कागद नाहीत. माझा आजा, माझा बाप आणि मी, तिघांनी त्याच्या भिंतींवर थापी चालवली. ते देऊळ मी हाताने वाचतो. मला दुसरं फारसं वाचता येतही नाही. चौथीपर्यंतची शाळा त्याच देवळाच्या पडवीत भरायची, तिथे मी चौथीत दोनदा बसलो आणि मग थापी धरली.

समोरून बघाल तर दोन बुरूज. डावा पुरा, त्यात घंटा. उजवा अर्ध्यावर थांबलेला. कुणी म्हणतं लढाई आली म्हणून राहिला, कुणी म्हणतं गवंडी तापाने गेला. माझा आजा म्हणायचा, आपल्या धंद्यातला माणूस काम अर्ध्यावर टाकतो तेव्हा त्याला कारण असतं, लोकांना ते कळत नाही. मधे काळ्या दगडाची कमान, आणि कमानीच्या माथ्यावर कळीचा दगड, असा बसवलाय की दोन दगडांमधे नख जात नाही. आत सागाच्या तुळया, वर कौलं. वेदीवर मात्र कौलं नाहीत, तिथे दगडी अर्धगोल छत आहे, चौकटी-चौकटीत फुलं कोरलेली. शाळेत असताना मी फळ्याकडे कमी आणि त्या फुलांकडे जास्त बघायचो. आणि भिंती तीन हात जाड. काळा दगड, विटा, आणि खाडीच्या शिंपल्यांचा जाळलेला चुना.

त्यातली दक्षिणेकडची भिंत पाडायची ठरली होती. ती मी पडू दिली नाही. त्याचीच ही हकीकत.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात त्या भिंतीच्या आतल्या गिलाव्याचा एक पोपडा, चांगला ताटाएवढा, मिस्सा, म्हणजे त्यांची रविवारची प्रार्थना, संपल्यावर बाकावर पडला. बाक रिकामा होता म्हणून बरं. भिंतीला ओल कधीपासूनचीच होती. रंग लावला की फुगायचा, फुगला की गळायचा. ओल दिसू नये म्हणून देवळाच्या कमिटीने आतून डोक्याच्या वरपर्यंत प्लायवूड ठोकलेलं. पोपडा पडला तो त्याच्याही वरून. मग डोंबिवलीहून एक इंजिनिअर मॅडम आल्या. वयाने माझ्या नातीएवढ्या. त्यांनी बाहेरून भिंत मोजली आणि लिहून दिलं की भिंत वरून आत झुकली आहे, ओलीने पोकळ झाली आहे, लोकांना आत बसवू नये. देवळाला कुलूप लागलं. मिस्सा पडवीत व्हायला लागली. तो नाताळही मांडवातच झाला.

नाताळानंतरच्या रविवारी आवारातल्या फणसाखाली मीटिंग भरली. कमिटीचा मोठा म्हणजे माझाच वर्गबंधू. दोघे एका पाटीवर शिकलो. तो पुढे बँकेत गेला, पॅण्टीला इस्त्री करायला लागला. मीटिंग त्यांची होती, पण मी जाऊन बसलो.

"तुला कुनी बोलावला रं?" तो म्हणाला.

"देवलाला दार हाय ना? मग बोलवायला कशाला लागतंय."

लोक हसले. मग त्याने कागद वाचला. दक्षिणेची भिंत उतरवायची, तिच्याबरोबर छप्पर उतरेल, मग तिथे पिलर टाकून सिमेंटचा नवा हॉल. दर्शनी बाजू आणि बुरूज तेवढे ठेवू, शोभेला. मी ऐकून घेतलं आणि उभा राहिलो.

"भिंतीला काय झालेला नाय. तिचा गिलावा खराब झालाय."

"गिलावा कुनी केलता?" वर्गबंधूने विचारलं.

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं.

"मी केलता," मी म्हणालो. "आनि एक नंबर केलता. पानी कौलातून येतंय. पयली कौलं बघा."

हे बोललो आणि तिथून निघालो. पाठ ताठ ठेवून निघालो, पण मला माहीत होतं मी काय बोललो ते. कौलं चांगली होती. दर उन्हाळ्यात मी स्वतः ती शाकारून द्यायचो.

घरी बायको, आमची म्हातारी, मासे साफ करत होती. तोंड वर न करता म्हणाली, "काय, हरून आलात?"

"कुनी सांगितला?"

"पावलांचा आवाज. जिंकून येता तवा चपला वाजवीत येता."

चपला कोपऱ्यात ढकलल्या. जेवलोही नाही धड.

ती भिंत मी कशी बिघडवली ते आता सांगतो. तेव्हा मी तिशीतही नव्हतो. वागळे इस्टेटमधे कारखान्यांच्या शेडी उठत होत्या, तिथे मी शिमिटाचं काम शिकलो. शिमिट म्हणजे तेव्हा आम्हाला जादू वाटायची. सकाळी लावा, उद्या दगड. चुन्यासारखी महिनामहिना वाट बघायला नको. देवळाच्या दक्षिणेच्या भिंतीचा चुना पावसाच्या माऱ्याने खरवडला गेलेला. तेव्हाच्या फादरांनी विचारलं, पक्कं काय करता येईल? मी म्हणालो शिमिट. आत आणि बाहेर, दोन्हीकडून. माझा बाप तेव्हा कामावरून उठलेला, पण रोज फणसाखाली येऊन बसायचा. तो म्हणाला, "चुन्याच्या भिंतीला शिमिट लावू नको. तिचा घाम जाणार कुठून?"

मी म्हणालो, "बाबा, तुमचा जमाना गेला."

त्याने वाद घातला नाही. माझ्या हातातली त्याची थापी काढून घेतली, धुतली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि घरी नेऊन माळ्यावर ठेवली. गिलावा मी दुसऱ्या थापीने केला. असा केला की भिंतीत तोंड दिसावं. जुन्या भिंतीत ओळीने चौकोनी भोकं होती, वीतभराची, ती पण बुजवून सपाट केली. गावाने नावाजला. बाप मात्र मरेपर्यंत त्या बाजूला फिरकला नाही. बाजाराला जायचं झालं तर तलावाच्या रस्त्याने वळसा घालून जायचा. आणि पाच-सहा वर्षांत भिंतीला ओल दिसायला लागली, ती मी कौलांच्या नावावर खपवली. एवढी वर्षं खपवत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळाकडे गेलो. बाहेरून भिंतीवर हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो. ठक ठक नाही, ढब ढब. गिलावा सुटून भिंतीपासून वेगळा झालेला, आणि मधे पाणी कोंडलेलं. एका ठिकाणी छिन्नी घातली तर आतून माझ्या मनगटावर गार ओल उतरली. पण त्याच्या मागचा दगड ठोकला तर तो वाजला. खणखणीत. तेव्हाच मी ठरवलं.

पुढच्या रविवारी परत मीटिंग होती, त्या मॅडमही आलेल्या. मी उभा राहिलो.

"गेल्या रविवारी मी खोटं बोललो," मी म्हणालो. "कौलं चांगली हायत. भिंतपन चांगली हाय. शिमिट वाईट. ती माझी चूक. माझ्या बापाने सांगितलेलं, मी ऐकलं नाय. आता भिंतीला फाशी देऊ नका, चूक तिची नाय."

असं बोलायला मला अख्खं आयुष्य लागलं. कुणी हसलं नाही. वर्गबंधूने चष्मा काढून पुसला.

"मग तुझा म्हननं काय?"

"मला एक पावसाला द्या. शिमिट काढतो, चुन्याचा गिलावा करतो. आगेऱ्याला भिंत कोरडी नसली तर पाडा. पयला घन मीच मारीन."

आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. पावसाळा सरताना शेतातल्या पहिल्या लोंब्यांच्या जुड्या वाजतगाजत देवळात नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात, मग एकेक जुडी घरोघर जाते. त्यातली एक गवंड्याच्या घरी, म्हणजे आमच्या. माझ्या आज्याच्या वेळेपासून. आमच्या दारावर तोरण आमच्या सणाचं आणि जुडी त्यांच्या सणाची, शेजारी शेजारी लटकतात. बिघडवलेल्या भिंतीचा गवंडी असूनही ती माझ्या घरी येत राहिली, ह्याची मला आतून लाज होती.

मॅडम म्हणाल्या, "काका, ओलीचं समजलं. पण भिंत झुकलीय त्याचं काय? मी मोजलंय. वरचा भाग खालच्यापेक्षा चांगला दीड वीत आत आलाय."

"बाहेरून मोजलंत?"

"हो. आतून प्लायवूड आहे ना."

"मग अर्धीच भिंत मोजलीत तुम्ही. प्लायवूड काढा आणि आतून ओळंबा सोडा."

वर्गबंधू म्हणाला, "आता हा इंजिनिअरला शिकवनार."

"चौथीत दोनदा बसलोय," मी म्हणालो. "तुज्यापेक्षा एक वर्ष जास्त शिकलोय."

त्याच दुपारी कुलूप काढलं, दोन फळ्या उचकटल्या. शिडीवर मीच चढलो. म्हातारी खालून ओरडत होती की उतरा, तुमच्या वयाला शोभत नाही. तुळईच्या खाली खिळा ठोकला, भिंतीपासून चार बोटं लांब, आणि ओळंबा सोडला. पितळेचा, माझ्या आज्याचा. तो घुमला, डुलला, मग थांबला.  मी खाली उतरून बोटं लावली. वर चार बोटं. मधे चार बोटं. खाली चार बोटं.

मॅडमनी टेप लावली. मग म्हणाल्या, "परत एकदा सोडा काका." परत सोडला. परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः सोडला.

"बाहेरून ढाळ दिलाय," मी सांगितलं. "खाली जाड, वर बारीक. डोंगर असतो तशी. आतून सरळ रेघ. झुकलेली नाय ती, पाय रोवून उभी हाय."

मॅडम हसल्या. दुसऱ्याची चूक काढणारे खूप बघितलेत, स्वतःची चूक तोंडावर कबूल करणारी माणसं कमी. त्यांनी तिथेच, बाकावर कागद ठेवून, लिहिलं की भिंत झुकलेली नाही, बाहेरचा ढाळ मूळ बांधणीतलाच आहे. "पण ओल गेली नाही तर मी सही देणार नाही हां," म्हणाल्या. मी म्हणालो, "देऊच नका."

फादरांनी वरच्या कचेरीतून कामाची परवानगी आणली. शिमिट काढायला कोपरीहून माझे दोन जुने जोडीदार आले, दोघेही माझ्याच वयाचे. तिघांचे मिळून दात मोजायचे तर एका हातावर. आम्ही माझा गिलावा फोडत होतो आणि मी प्रत्येक घावाला म्हणत होतो, काय घट्ट केलाय रे भडव्याने. जोडीदार हसून हसून परांचीवरून पडायचे बाकी होते. शिमिटाच्या पाठीमागून मीठ निघालं, पांढरं, पसापसाने. खाडीच्या वाऱ्याचं मीठ, कोंडून बसलेलं. आणि त्याच्या खाली जुना चुना, त्यात शिंपल्यांचे कण, ऊन पडलं की चमकायचे.

मग ती चौकोनी भोकं उघडी झाली. ओळीने, हातहात अंतरावर नाही, पुरुषभर अंतरावर, एकावर एक मजले. मी त्यात हात घातला आणि मला एकदम आठवलं. ही परांचीची भोकं. ज्यांनी ही भिंत बांधली त्यांनी ह्यात लाकडं घालून त्यावर उभं राहून बांधली, आणि काम झाल्यावर भोकं तशीच ठेवली. पुढच्या गवंड्यासाठी. माझा आजा, माझा बाप ह्यातच लाकडं घालायचे, मी त्यांच्याबरोबर चुन्याच्या पाट्या वाहत होतो, आणि तरी ती भोकं मी शिमिटाने बुजवली, कारण माझ्याकडे लोखंडी पाइप होते. आता आम्ही पाइपांची परांची सोडली, बांबू आणले आणि त्याच भोकांत घातले. असे बसले, जसे मापाने कापलेत. पहिल्या दिवशी त्यावर उभा राहिलो तेव्हा मी खाडीकडे बघून मोठ्याने म्हणालो, "आलो रं बाबांनो." कुणाला म्हणालो ते मलाच माहीत.

उघडी भिंत अर्धा उन्हाळा वाळत ठेवली. तोवर चुना. कळीचा चुना कल्याणच्या एका जुन्या व्यापाऱ्याकडून आणून आवारात खड्ड्यात भिजत घातलेला. कळी पाण्यात पडली की उकळते, फुत्कारते, आणि दोन महिने झाकून ठेवली की लोण्यासारखी होते. त्यात घालायला गूळ आणि हिरडा हवा. मी कल्याणच्या बाजारात औषधी झाडपाल्याच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, एक गोणी हिरडा द्या.

दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. "आजोबा, एवढं जाम झालंय?"

"मला नाय. देवलाला."

चुना मळायला दगडी चाकाची घाणी लागते. चाक आवारातच होतं, फणसाखाली आडवं, शिमिट आल्यापासून लोक त्यावर बसून गप्पा मारत आलेले. आमच्या सगळ्या मीटिंगा त्याच्यावर बसूनच झालेल्या. ते उठवलं, गोल चर खणून दगडाने बांधला. आता ओढणार कोण? बैल राहिलेत कुठे? शीळफाट्याकडे माझा मेव्हणा आहे, त्याच्याकडे जोडी आहे, पण शर्यतीची. तो म्हणाला, "दाजी, माझे बैल वाघ हायत." घेऊन आला टेम्पोतून, शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा. बघायला सगळं गाव.

घाणीला जुंपले आणि बैलांना वाटलं शर्यत सुरू. सुटले. चाक चरात मावेना, चुना चहूकडे उडायला लागला, मेव्हणा ओरडतोय "हौ हौ", आणि बैलांना वाटतंय शाबासकी देतोय. दुसऱ्या फेरीला चाक चराबाहेर. इस्त्रीची पॅण्ट घालून कडेला उभा असलेला माझा वर्गबंधू टाळूपासून बुटांपर्यंत पांढरा.

फादर धावत आले. तो म्हणाला, "राहू द्या फादर. बाप्तिस्मा परत झाला माझा."

मग वाटेवरच्या तबेल्यातली एक भाकड म्हैस आणली. तिला कसली घाई नव्हती. दिवसभर फिरली, मधे थांबून विचार करायची, परत फिरायची. असा चुना मला माझ्या आयुष्यात मिळाला नव्हता. माझा बाप थापी उलटी धरून बघायचा, चुना पडला नाही पण थापीला चिकटूनही राहिला नाही, झटक्यात सुटला, की तयार. मी माळ्यावरून त्याची थापी काढली. मूठ त्याच्या हाताने झिजलेली, आणि माझा हात तीत बरोबर बसला. थापी उलटी धरली. चुना राहिला. झटकली, सुटला. थापी स्वच्छ.

वर्गबंधू दुसऱ्या दिवशी आला तो लेंगा घालून. "काय करू?" म्हणाला. मी त्याला पाणी मारायला लावलं. चुन्याचा गिलावा हळूहळू सुकावा लागतो, वर ओली पोती लावून जपावा लागतो. तो रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचा, आणि मी त्याला रोज सांगायचो की तिकडे राहिलं. पाऊस यायच्या पंधरा दिवस आधी काम संपलं. वरून चुन्याचे तीन हात दिले. ऑइलपेंट घेऊन एकजण आलेला, त्याला मी आवाराच्या बाहेर घालवला.

मग पाऊस. मी रोज छत्री घेऊन जायचो. फादर कुलूप काढून द्यायचे. मी आत जाऊन भिंतीला तळहात लावायचो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बाहेरून भिंत भिजून गडद व्हायची, उघडीप पडली की दोन दिवसांत परत पांढरी. आतून कोरडी. एकदा गेलो तर आधीच कुणीतरी उभं. वर्गबंधू, डोळे मिटून, तळहात भिंतीला.

"काय करतोस?"

"प्रार्थना," तो म्हणाला. मग म्हणाला, "खोटा कशाला बोलू. ओल बघतोय."

आषाढात आठ दिवस सलग कोसळला. नवव्या दिवशी वेदीच्या कोपऱ्यात, वर, डाग दिसला. ताटाएवढा.  तिथेच बाकावर बसलो. वर्गबंधू आला, डाग बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि शेजारी येऊन बसला. तो काही टोचून बोलला असता तर बरं झालं असतं. घरी आलो तर म्हातारी म्हणाली, "चपला वाजल्या नाय."

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्या कोपऱ्यात वर काय हाय?"

"पन्हाळ."

"मग ती बघितली?"

नव्हती बघितली. एवढी वर्षं मी खोट्याने कौलांचं नाव सांगत आलो, आणि आता खरंच वर बघायचं होतं तेव्हा मी वर बघितलंच नाही. पाऊस थांबेपर्यंत थांबलो नाही. जोडीदारांना बोलावलं, ह्या वेळी उघडी ठेवलेल्या भोकांत बांबू घातले, चढलो. पन्हाळीत फणसाची पानं आणि कुठल्याशा टॉवरवरून उडून आलेली निळी ताडपत्री, पाणी अडून भिंतीवर उतरत होतं. ओढून काढली. पाणी खाली असं धडाडलं की वर्गबंधू परत भिजला. तो डाग बारा दिवसांत गेला. शिमिटाखाली असता तर बारा वर्षांत गेला नसता. भिंत स्वतः वाळली. कुणी तिला काही केलं नाही.

आगेऱ्याच्या आदल्या दिवशी मॅडम आल्या, ओल मोजायचं यंत्र घेऊन. दोन काटे भिंतीला टेकवायचे, आकडा येतो. त्यांनी चाळीस ठिकाणी टेकवले असतील. बाहेर आवारात अख्खं गाव, त्यांच्या बाजूचं आणि आमच्या बाजूचं. मी आत नाही गेलो. चाकाजवळ उभा राहिलो. म्हातारी आली होती, नवं लुगडं नेसून, कशाला ते तिलाच माहीत.

मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, "काका, ही भिंत माझ्या घरापेक्षा कोरडी आहे." आणि फादरांच्या हातात कागद दिला, सही केलेला.

घंटा कुणी वाजवली मला माहीत नाही. आगेरा दुसऱ्या दिवशी होता, पण ती वाजली, आणि वाजतच राहिली. तलावाकडचे लोक काय झालं म्हणून धावत आले. मेव्हणा शीळफाट्याहून फोनवर विचारत होता, घंटा का वाजते, त्याला कुणीतरी फोन लावून ऐकवत होतं. वर्गबंधूने मला सगळ्यांसमोर मिठी मारली. तो रडत होता आणि शिव्या देत होता.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक. गावात भाताचं शेत आता एकच उरलंय, देवळाच्या मागचं, टॉवरांच्या सावलीतलं. त्यातल्या लोंब्या. बॅण्ड पुढे, बायका लुगड्यांत, दागिन्यांत. देवळाच्या दाराशी, कळीच्या दगडाच्या खाली, मिरवणूक थांबली. वर्गबंधूने पहिली जुडी माझ्या हातात दिली.

"मी कशाला? मी तुमच्यातला नाय."

"देवलाला दार हाय ना?" तो म्हणाला. "मग बोलवायला कशाला लागतंय. चल पुढे."

मी पुढे गेलो. चपला बाहेर काढून, जुडी छातीशी धरून. आत माणसं मावत नव्हती. दक्षिणेच्या भिंतीवर उजेड पडलेला, चुन्याचा तो मऊ पांढरा रंग, जो कुठल्याही डब्यातल्या रंगाला येत नाही. वेदीवर जुडी ठेवली. वरची दगडी फुलं तशीच होती, मी शाळेत असताना बघायचो तशी. फादरांनी आशीर्वाद दिला आणि तीच जुडी परत माझ्या हातात दिली.

घरी जाताना मी तलावाच्या रस्त्याने नाही गेलो. मुद्दाम दक्षिणेच्या भिंतीच्या कडेने गेलो, तिच्यावरून एक हात फिरवत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. ज्या वाटेने माझा बाप चालायचा थांबला होता त्याच वाटेने. म्हातारी पुढे गेली होती. दार उघडून उभी होती. मी अजून गल्लीच्या तोंडाशीच होतो तर ती तिथून ओरडली,

"पुरे झाल्या चपला! ऐकला अख्ख्या गावाने!"